ह्यूस्टन हरल्यामुळे जिंकले, हे खरे नाही

ह्यूस्टन ॲस्ट्रोज हा अमेरिकेतील मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा, बेसबॉल संघ 2011, 2012 आणि 2013 या लागोपाठच्या हंगामांत अनुक्रमे 106, 107 आणि 111 सामने हरला आणि 2017 मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्या लीगची अंतिम मालिका, जिंकला. या दोन गोष्टी जोडून एक विधान पुन्हा पुन्हा पुढे पाठवले जाते. संघाने जाणूनबुजून पराभव पत्करले, त्यामुळे नवोदित खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये त्याला वर्षामागून वर्ष पहिला क्रमांक मिळाला, त्यातून विजेता संघ घडला, आणि म्हणून दुबळ्या संघाने आधी तळ गाठावा, असे ते विधान आहे. ते मला चुकीचे वाटते, शिवाय घातकही वाटते.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. शाळा-कॉलेजांतून येणाऱ्या खेळाडूंना संघ पाळीपाळीने निवडतात आणि निवडलेल्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्या एकाच संघाला मिळतो. त्या काळी आदल्या हंगामात सर्वांत जास्त हरलेल्या संघाची पाळी पहिली असे.

विधानाचा पहिला भाग तारखांपुढेच टिकत नाही. पहिल्या क्रमांकावरची यशस्वी निवड म्हणजे 2012 मधील कार्लोस कोरेआ. परंतु तो क्रमांक 2011 च्या पराभवांमुळे मिळाला होता आणि ज्यांना या धोरणाचे जनक मानले जाते ते जेफ लुनाव त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे हंगाम संपल्यावर, संघाचे जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंची निवड ठरवणारे प्रमुख, झाले. त्यांच्या कारकिर्दीतील पराभवांनी मिळालेले पहिले क्रमांक दोन. 2013 मध्ये मार्क अपेल निवडला गेला, तो ह्यूस्टनकडून मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही, आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर, पुढे मोठा खेळाडू ठरलेला क्रिस ब्रायंट शिकागो कब्स या संघाकडे गेला. 2014 मध्ये निवडलेल्या ब्रेडी एकनशी, वैद्यकीय तपासणीनंतर कोपराच्या स्थितीवरून मतभेद झाल्याने, करारच होऊ शकला नाही. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूबाबत असे 1983 नंतर प्रथमच घडले.

येथे ॲलेक्स ब्रेगमनचे उदाहरण पुढे केले जाते, आणि ते गंभीरपणे घ्यायला हवे, कारण 2017 च्या अंतिम मालिकेतील पाचवा सामना त्याच्याच फटक्याने 13-12 असा जिंकला गेला. मात्र 2015 मधील तो दुसरा क्रमांक एकनशी करार न झाल्याची नियमानुसार मिळालेली भरपाई होती. फसलेल्या निवडीतून हाती आलेली संधी संघाने उत्तम वापरली, याचे श्रेय त्याला द्यावेच. पण अशी घटना कोणी आधी योजू शकत नाही. त्याच वर्षी स्वतःच्या पाळीने, पाचव्या क्रमांकावर निवडलेला काइल टकर 2018 मध्ये मेजर लीगमध्ये आला, म्हणजे विजेतेपदानंतर.

माझ्या मते खरे कौशल्य 2012 च्या पैशांच्या मांडणीत होते आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. त्या वर्षीपासून प्रत्येक संघाच्या पहिल्या दहा फेऱ्यांच्या बोनसवर, म्हणजे करार करताना खेळाडूला दिल्या जाणाऱ्या रकमेवर, एकत्रित मर्यादा आली. पहिल्या निवडीसाठी 72 लाख डॉलरची तरतूद असताना कोरेआने 48 लाखांत करार केला, आणि उरलेल्या रकमेच्या बळावर ह्यूस्टनने 41 व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्सला 25 लाख देऊन कॉलेजकडे जाण्यापासून रोखले. पहिला क्रमांक नसता तर एवढी मोठी तरतूद नसती, हे मान्य; तरी ती रक्कम एकाच खेळाडूवर न उधळण्याचा निर्णय पराभवातून येत नाही. 2017 च्या अंतिम मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात ह्यूस्टनकडून सुरुवातीची गोलंदाजी मॅकलर्सने केली.

शेवटची गोलंदाजी करून तो सामना संपवला चार्ली मॉर्टनने, जो मुक्त खेळाडू म्हणून, म्हणजे कोणत्याही संघाशी करार नसताना, आला होता. होसे अल्टुवे हा 2017 चा अमेरिकन लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा, सर्वोत्तम खेळाडू. तो व्हेनेझुएलाचा असल्याने ड्राफ्टमध्ये नव्हताच आणि 2007 पासून संघाकडे होता. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला जॉर्ज स्प्रिंगर 2011 मध्ये अकराव्या क्रमांकावर, तर गोलंदाज डॅलस कायकल 2009 मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला होता. दोघेही लुनाव यांच्या आधीचे. गोलंदाज जस्टिन व्हर्लँडर 31 ऑगस्ट 2017 रोजी अदलाबदलीने डेट्रॉइटहून आला. हे पाचही जण बाजूला काढल्यावर त्या संघात काय उरते, याचा विचार हे विधान पुढे पाठवणाऱ्यांनी करावा.

ज्या विजेतेपदाला पुरावा मानले जाते ते निर्मळही नाही. पुढचा चेंडू कसा टाकायचा हे ठरवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याच्या मदतीने चोरल्याबद्दल जानेवारी 2020 मध्ये लीगने संघाला 50 लाख डॉलर दंड केला आणि 2020 व 2021 या दोन्ही वर्षांच्या ड्राफ्टमधील पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी काढून घेतल्या. त्या चोरीचा विजयात वाटा किती, हे मोजता येत नाही, आणि म्हणूनच त्या विजयावरून इतरांसाठी धोरण ठरवणे योग्य नाही.

आता तर नियमही बदलले आहेत. 2023 पासून पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात, आणि ठरावीक संघांना लागोपाठच्या वर्षांत सोडतीत स्थान मिळत नाही. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स तब्बल 121 सामने हरले आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये या नियमामुळे त्यांची पहिली पाळी आली ती दहाव्या क्रमांकावर.