‘वारशाच्या गप्पा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

शनिवार पेठेतला आमचा वाडा उतरवून तिथे नवी इमारत उभी राहिली, त्याबद्दल मी लिहिलेल्या लेखावर ‘पुणेप्रेमी’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. मुद्दे असे: वाडा दुरुस्त होण्याजोगा होता, चार मजले गल्लीला शोभत नाहीत, विश्रामबागवाडा जपला जातो, मग तुमचा का नाही, शनिवारवाड्याच्या आगीचं साल चुकलं आहे. आणि शेवटी, ‘पैशासाठी वाडवडिलांची वास्तू पाडणाऱ्यांनी वारशाच्या गप्पा मारू नयेत.’

सालाचं आधी. आग १८२८ च्या फेब्रुवारीत लागली, मी १८२७ लिहिलं. चूक माझीच. दुरुस्त केली आहे, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. मत कडक असू द्या, माझी हरकत नाही. पण ‘गप्पा मारू नयेत’ हे तुम्ही तुमच्या आत्याला किंवा मावशीला तोंडावर म्हणाल का? मी साठीची बाई आहे. माझा जन्म त्याच वाड्यात, माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत झाला. तुम्ही वाडा दिंडी दरवाजाबाहेरून पाहिलात, फोटो काढलात आणि गेलात. आम्ही त्याच्या आत पावसाळे काढले.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी जन्मलेही नव्हते. पण चौकातल्या एका खांबावर पुराची रेघ होती, आणि आजी ती कोणाला पुसू द्यायची नाही. जोत्याचे दगड हलले नाहीत. वरच्या भिंती मातीच्या गाऱ्यातल्या, त्या पाणी प्यायल्या आणि पुढे वर्षानुवर्षं फुगत राहिल्या. भिंतीत पुरलेले सागवानी खांब बुडाशी कुजले. वरून तेलरंग चकचकीत, बोट दाबलं की आत भुगा. दर पावसाळ्याआधी दारावर धोकादायक असल्याची नोटीस. एका श्रावणात रात्री दोन वाजता मागच्या खोलीचा कडीपाट खाली आला. वडील रोज तिथेच झोपायचे. त्या रात्री खोकल्याने झोप लागेना म्हणून ओसरीवर येऊन बसले होते, तेवढ्यावर वाचले. सकाळी त्यांच्या गादीवर तुळई आडवी पडलेली होती. ती मी पाहिली आहे.

आणि पैसा? वर तीन बिऱ्हाडं होती. एकेकाचं भाडं महिना बावीस रुपये. त्यात कौलंसुद्धा शाकारून होत नव्हती. नव्या इमारतीत त्या तिघांनाही घरं मिळाली. हे लेखात होतं, पण तुम्हाला दिसलं नाही. आमच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. माझ्या आईच्या पाटल्या कधी गेल्या आणि कशासाठी गेल्या, तेही इथे लिहू का?

दुरुस्तीबद्दल मूळ लेखात आहे, पुन्हा वाचा. विश्रामबागवाडा महापालिकेच्या ताब्यात आहे, आमचा नव्हता. चार मजल्यांचं म्हणाल, तर गल्लीत एकदा मान वर करून बघा. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते, हेही तुम्ही मला शिकवता. आमची जागा त्या दुसऱ्या पट्ट्यात होती. परवानगी येईपर्यंत आई-वडील टेकूंवर तोललेल्या घरात राहिले. कायदा मला पाठ आहे.

दिंडी दरवाजाला जुन्या बाजारात गिऱ्हाईक होतं. आम्ही तो विकला नाही. तो जिन्यापाशी बसवला आहे, आणि पुराच्या रेघेचा खांब, कुजका बुडखा कापून, त्याच्याशेजारी उभा आहे. पाहायला जरूर या. फक्त येण्याआधी तुमचं खरं नाव कळवा.