आजुरानांना पोर्तुगीजांनी बुडवलं नाही

सोमाली इतिहासावरची एक पोस्ट सध्या भरपूर फिरते आहे: ‘बलाढ्य आजुरान साम्राज्य पोर्तुगीज तोफांनी बुडवलं, एका झटक्यात सगळं संपलं आणि आजुरान नामशेष झाले.’ आजुरान म्हणजे आजच्या दक्षिण सोमालियावर सतराव्या शतकापर्यंत राज्य करणारं सोमाली कूळ. पोस्टमधली तिन्ही विधानं चूक आहेत.

आधी तोफा. वास्को द गामाने 1499 मध्ये भारतातून परतताना मोगादिशूवर तोफा डागल्या. 1507 मध्ये पोर्तुगीज सेनानी त्रिश्ताँव द कुन्याच्या आरमाराने त्याच किनाऱ्यावरचं बरावा बंदर लुटून जाळलं. नुकसान झालं, नाही कोण म्हणतो? पण वसईत पोर्तुगीज दोनशे वर्षं ठाण मांडून बसले, तसं मोगादिशूत त्यांना कधीच जमलं नाही. आणि आजुरानांची सत्ता मोडली ती बराव्याच्या लुटीनंतर शंभराहून जास्त वर्षांनी, सतराव्या शतकात. इतक्या उशिरा लागू पडणारी तोफ कुठली?

खरं भांडण पाण्याचं होतं. आजुरानांच्या राजघराण्याचा, म्हणजे गारेनांचा, जोर बंदरांपेक्षा शबेले नदीच्या खोऱ्यातल्या धान्यावर आणि आतल्या विहिरींवर होता. गुराख्यांच्या मुलखात विहीर ज्याच्या हाती, त्याचाच हुकूम चालणार. दरंदोल्ले कुळाच्या परंपरेत सांगतात, की आजुरान इमामाने, म्हणजे त्यांच्या राज्यकर्त्याने, दिवसा जनावरांना पाणी पाजायला बंदी केली, फक्त संध्याकाळची वेळ दिली. दरंदोल्ले उठले आणि त्यांनी इमामालाच ठार केलं. हे दरंदोल्ले हविये या मोठ्या सोमाली कुळसमूहातले. परंपरा आजुरानांनाही हवियेंच्याच गोतात धरते. म्हणजे घाव भावकीतून बसला. अर्थात ही कथा जिंकलेल्यांची आहे, त्यामुळे इमामाच्या जुलमाची वर्णनं थोडी हात राखूनच वाचावीत.

‘एका झटक्यात’ हेही खोटं. राज्याचे तुकडे वेगवेगळ्या कुळांनी उचलले: मोगादिशूच्या बाजूला अबगाल कुळातले याकूब इमाम, शबेलेकाठच्या अफगोयेला सिलिस कूळ. सिलिसांचंही फार काळ टिकलं नाही. गेलेदी कुळाने त्यांना हुसकावलं आणि तिथे गेलेदींचंच गोब्रून घराणं उभं राहिलं, ते थेट इटालियन अंमल येईपर्यंत.

राहिला नामशेष होण्याचा मुद्दा. आजुरान आजही उत्तर केनियात वजीरच्या बाजूला आणि इथिओपियात राहतात. त्यांच्यातले बरेच जण आता सोमालीऐवजी शेजारच्या बोरान लोकांची ओरोमो भाषा बोलतात.