हॉस्पिटलला जो नियम लागू आहे, तो शाळेला का नाही?

अमेरिकेत एखादे मूल मानसोपचार केंद्रात दाखल असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना त्याला मनाला येईल तेव्हा बळाने धरून ठेवता येत नाही आणि खोलीत कोंडताही येत नाही. २००० सालच्या चिल्ड्रन्स हेल्थ ॲक्टने केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या अशा संस्थांवर स्पष्ट बंधने घातली आहेत. रुग्णाच्या किंवा इतरांच्या शारीरिक सुरक्षिततेसाठीच असा उपाय योजता येतो, शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी नाही, आणि त्यासाठी डॉक्टरांचा किंवा तसा अधिकार असलेल्या परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकाचा लेखी आदेश लागतो. पण तेच मूल घरी परतून सरकारी शाळेच्या स्पेशल एज्युकेशन, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या, वर्गात बसू लागले, की हे संरक्षण संपते. शाळेत त्याला कोणी, कधी, किती वेळ आणि कशा पद्धतीने धरून ठेवावे, किंवा एका खोलीत एकटे बंद करावे की नाही, याबद्दल संपूर्ण देशाला लागू होणारा कायदा आजही नाही.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, बोलत नाही, टॅबलेटवरच्या चित्रांना स्पर्श करून आपले म्हणणे सांगतो, आणि अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेत जातो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. इथल्या मराठी पालकांच्या गटांत आम्ही थेरपी, विमा, आहार, औषधे यांवर तासन्‌तास बोलतो. या एका विषयावर मात्र बहुतेकांना बोलायला संकोच वाटतो, कारण शाळेवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल अशी भीती असते. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

२००९ साली अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, शाळा आणि उपचार केंद्रांमधील अशा प्रकरणांची चौकशी करून संसदेपुढे साक्ष दिली. त्यातले टेक्सासमधले २००२ सालचे प्रकरण माझ्या मनातून जात नाही. चौदा वर्षांचा मुलगा वर्गात जागेवर बसत नव्हता, म्हणून वजनाने त्याच्यापेक्षा कितीतरी जड असलेल्या शिक्षिकेने त्याला जमिनीवर पालथे पाडले आणि ती त्याच्या अंगावर आडवी पडली. श्वास घेता येत नाही असे तो सांगत होता. त्यातच त्याचा मृत्यू झाला. दुसरे प्रकरण जॉर्जियातले, २००४ चे. तेरा वर्षांच्या मुलाला शाळेतल्या एका लहानशा बंद खोलीत एकटे ठेवले होते आणि पँट वर राहावी म्हणून शिक्षकांनीच दिलेल्या दोरीने त्याने तिथे गळफास घेतला. अशी प्रकरणे जुनी झाली असे म्हणावे, तर २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात तेरा वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलाला खासगी शाळेत जवळजवळ पावणेदोन तास पालथे दाबून धरले गेले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला.

पालथे दाबून धरण्यात मृत्यू कसा होतो, हे प्रत्येक पालकाने समजून घेतले पाहिजे. छाती आणि पोट जमिनीवर दाबले गेले की श्वासपटल नीट हलत नाही आणि फुप्फुसात पुरेशी हवा जात नाही. मूल जिवाच्या आकांताने हातपाय झाडू लागते. धरणाऱ्याला वाटते की ते अजून ऐकत नाही, म्हणून तो दाब वाढवतो, आणि ते शांत पडले की त्याला वाटते की आता आवरले. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांची समजूत अशी असते की मूल ओरडू शकते म्हणजे त्याला श्वास घेता येतो. ही समजूत चुकीची आहे, आणि आमच्यासारख्यांच्या मुलांच्या बाबतीत तर तिच्यात दुहेरी धोका आहे, कारण जे मूल बोलतच नाही ते गुदमरताना काय सांगणार?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१७-१८ च्या आकडेवारीनुसार त्या वर्षी सुमारे १ लाख २ हजार विद्यार्थ्यांना शाळेत बळाने धरले गेले, बांधले गेले किंवा कोंडले गेले. स्पेशल एज्युकेशनमधील मुले एकूण पटाच्या १३ टक्के होती. शारीरिक बळाने धरलेल्यांमध्ये मात्र ती ८० टक्के होती आणि कोंडलेल्यांमध्ये ७७ टक्के. मेरीलँड राज्यातील फ्रेडरिक काउंटीच्या शाळांची चौकशी केंद्रीय न्याय खात्याने केली, तेव्हा अडीच शैक्षणिक वर्षांत १२५ मुलांवर ७,२५३ वेळा हे प्रकार झाल्याचे निष्पन्न झाले, आणि कोंडले गेलेले प्रत्येक मूल अपंगत्व असलेले होते. एकेका मुलाच्या वाट्याला सरासरीने पन्नासहून अधिक वेळा हे आले. इतक्या वेळा करूनही ज्याने वागणूक सुधारत नाही, त्याला उपाय म्हणायचे कसे?

हे आकडेसुद्धा अपुरे आहेत. जीएओनेच २०१९ मध्ये दाखवून दिले की २०१५-१६ साठी देशातल्या सुमारे ७० टक्के शालेय जिल्ह्यांनी, म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांनी, एकही घटना झाली नाही असे कळवले होते. व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटी हा देशातल्या मोठ्या शालेय जिल्ह्यांपैकी एक. तिथे बरेच मराठी लोक राहतात. तोही वर्षानुवर्षे शून्य कळवत होता. पत्रकारांनी २०१९ मध्ये पाठपुरावा केल्यावर एकाच वर्षात हजाराहून अधिक घटना झाल्याचे समोर आले. शून्य कसे येते, तर व्याख्येतून. दाराला कुलूप नव्हते, शिक्षक बाहेरून दार धरून उभा होता, मग ते कोंडणे नाही. खोलीत कोपऱ्यात एक कर्मचारी होता, मग मूल एकटे नव्हते. खोलीला ‘क्वाएट रूम’, ‘काम डाउन रूम’, ‘रिफ्लेक्शन रूम’ अशी गोड नावे दिलेली असतात. माझी कसोटी साधी आहे. मुलाला स्वतःहून तिथून बाहेर पडता येते का? गोंगाट असह्य झाला म्हणून माझा मुलगा आपणहून सेन्सरी रूममध्ये, म्हणजे अशा मुलांसाठीच्या शांत खोलीत, जातो आणि बरे वाटल्यावर परत येतो, तेव्हा ती त्याची गरज असते. दार दुसऱ्याच्या हातात गेले की तो तुरुंग होतो, मग आत कितीही मऊ गाद्या लावलेल्या असोत.

इलिनॉयमध्ये काय झाले ते मुद्दाम सांगते, कारण नियम कागदावर असणे आणि पाळला जाणे यांतले अंतर तिथे उघडे पडले. त्या राज्यात १९९९ पासून नियम होता की सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच मुलाला एकटे ठेवावे. प्रोपब्लिका ही शोधपत्रकारिता करणारी संस्था आणि शिकागो ट्रिब्यून हे वृत्तपत्र यांच्या पत्रकारांनी शाळांच्या नोंदी मागवून वाचल्या, आणि सुमारे सव्वा वर्षाच्या काळात २० हजारांहून अधिक वेळा मुलांना एकटे कोंडल्याचे आढळले. ज्या नोंदींत कारण समजण्याइतका तपशील होता, त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगांत सुरक्षिततेचे कोणतेही कारण लिहिलेले नव्हते. काम पूर्ण केले नाही, दूध सांडले, शिवी दिली, अशी कारणे होती. कर्मचारी दाराबाहेर बसून आतले मूल काय ओरडते ते मिनिटामिनिटाला लिहून ठेवत होते, आणि ती पाने फाइलला लागत होती. कोणी वाचतच नव्हते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही वृत्तमालिका प्रसिद्ध झाली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या शिक्षण मंडळाने तातडीचे नियम काढले. पुढे २०२१ मध्ये कायदा झाला.

शिक्षकांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे मला पटत नाही. मुलाचा मेल्टडाउन, म्हणजे असह्य होऊन स्वतःवरचा ताबा पूर्णपणे सुटणे, काय असतो हे मी घरी पाहिले आहे. चावा, ओरबाडणे, भिंतीवर डोके आपटणे हे सगळे खरे असते, आणि वर्गातल्या सहायकांना तुटपुंज्या पगारावर आणि फारसे प्रशिक्षण न देता त्याला तोंड द्यायला लावले जाते. मूल रस्त्यावर धावत सुटले तर त्याला धरावेच लागेल. पण धरण्याची वेळ येते तोपर्यंत बहुधा बरेच काही हातातून निसटलेले असते. वेळापत्रक न सांगता बदललेले असते, फायर ड्रिलचा भोंगा अचानक वाजलेला असतो, किंवा टॅबलेट ‘खेळत बसतो’ म्हणून काढून घेतलेला असतो. या शेवटच्या गोष्टीने तर मुलाचा आवाजच काढून घेतला जातो.

केंद्रीय कायद्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने असे विधेयक २६२ विरुद्ध १५३ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये ते अडले. तेव्हापासून ‘कीपिंग ऑल स्टुडंट्स सेफ ॲक्ट’ या नावाने ते पुन्हा पुन्हा मांडले गेले, पण कायदा झाला नाही. २०१२ मध्ये शिक्षण खात्याने शाळांसाठी या विषयावर पंधरा तत्त्वे प्रसिद्ध केली. ती चांगली आहेत, पण बंधनकारक नाहीत. परिणामी मुलाचे संरक्षण आईवडिलांची नोकरी कोणत्या राज्यात आहे यावर ठरते. जॉर्जियाने २०१० मध्ये कोंडण्यावर बंदी घातली, मेरीलँडने २०२२ मध्ये सरकारी शाळांपुरती घातली, आणि काही राज्यांत आजही वाट मोकळी आहे. एच-वन व्हिसावर राज्य बदलणाऱ्या आपल्या कुटुंबांनी घर शोधताना शाळेचे रेटिंग पाहण्याबरोबर हेही पाहावे.

भारतातही नेमकी हीच फट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९७ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला एकांतात कोंडण्यास मनाई केली, आणि तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, शारीरिक बंधनाला परवानगी दिली. शाळेसाठी शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ आहे, जे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते, आणि राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्गात, शौचालयात किंवा कोणत्याही बंद जागेत मुलाला डांबणे ही शिक्षाच मानली आहे. पण विशेष मुलांच्या बाबतीत शाळा म्हणते की ही शिक्षा नव्हे, त्याच्याच सुरक्षिततेसाठी केले. तिथे उत्तर देणारा बारकाईचा नियम लागतो, रुग्णालयासाठी लिहिला तसा. पुण्यामुंबईतल्या मैत्रिणी सांगतात की प्रवेश मिळाला हेच उपकार वाटतात, त्यामुळे मूल खुर्चीला ओढणीने बांधलेले दिसले तरी आई गप्प बसते.

माझी मागणी अशी आहे की शाळेत मुलाला कोंडणे पूर्णपणे बंद व्हावे, पालथे दाबणे आणि श्वासावर दाब आणणारी प्रत्येक पद्धत बंद व्हावी, धरणे केवळ गंभीर शारीरिक इजेच्या तात्काळ धोक्यापुरते आणि धोका टळेपर्यंतच असावे, आणि त्याच दिवशी पालकांना लेखी कळवले जावे. यातला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझा मुलगा घरी येऊन सांगू शकत नाही. दंडावर वळ दिसला नाही तर मला कधीच कळणार नाही.

कायदा होईपर्यंत अमेरिकेतल्या पालकांनी आयईपीच्या, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, बैठकीत तीन प्रश्न लेखी विचारावेत. शाळेत अशी खोली आहे का, माझ्या मुलाच्या वर्गातल्या कोणाला कोणते प्रशिक्षण मिळाले आहे, आणि घटना घडल्यास मला किती तासांत कळवाल. वागणुकीच्या आराखड्यात धरून ठेवण्याचा उल्लेख असेल, तर तो वाचल्याशिवाय सही करू नये, आणि आपण कोंडण्यास संमती देत नाही असे पत्र मुलाच्या फाइलला लावावे. मी शाळेला दिलेल्या पत्राचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी मेसेज करावा. इंग्रजी मजकूर आणि त्याचा मराठी अर्थ, दोन्ही पाठवीन.