मन मोकळं करा, फोटो जोडा

ऑफिसच्या ग्रुपवर सध्या एक एक्सेल शीट फिरतेय. त्यात माझ्या नावापुढचा रकाना लाल आहे आणि आत ‘पेंडिंग’ लिहिलंय. काय पेंडिंग, तर माझं मन मोकळं होणं. बाकी सगळ्यांची मनं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोकळी होऊन हिरवी झालीसुद्धा.

19 नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय पुरुष दिन. 1999 साली त्रिनिदादमधल्या जेरोम टिलकसिंग नावाच्या प्राध्यापकांनी तो सुरू केला आणि तारीख धरली आपल्या वडिलांच्या वाढदिवसाची. भला माणूस. पण जागतिक शौचालय दिनही त्याच तारखेला येतो, आणि 2013 पासून संयुक्त राष्ट्रांचा अधिकृत शिक्का आहे तो शौचालयावर. 8 मार्चला आमच्याकडे बायकांना गुलाब, सामोसे आणि चार वाजता सुट्टी मिळते. (तक्रार नाही. उरलेले सामोसे आम्हीच खातो.) आम्हाला ट्रेनर मिळाला.

पांढरे बूट, गालाला चिकटलेला माइक आणि चेहऱ्यावर कधीही लोकल न पकडल्याचा तजेला. पुरुषांनी मानसिक आरोग्यासाठी कम्फर्ट झोनच्या बाहेर आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पुराव्यादाखल त्याने 1908 सालचे उंदीर काढले. यर्कीज आणि डॉडसन या अमेरिकनांनी नाचऱ्या जातीच्या उंदरांना विजेचे झटके दिले होते. काम अवघड असेल तेव्हा फार हलका झटका दिला तर उंदीर ढिम्म, फार जोराचा दिला तर गोंधळतो, मधला दिला तर पटकन शिकतो. “सो जेंटलमन, आपल्याला मधला झटका हवाय!” उंदरांना कोणी विचारलं होतं की नाही, ते स्लाइडवर नव्हतं.

आता मला सांगा, डोंबिवलीहून लोअर परळला येणाऱ्या माणसाचा कम्फर्ट झोन नेमका कुठे असतो? फार तर चौथ्या सीटवर. एक मांडी बाकावर, दुसरी अधांतरी, आणि तेवढं मिळालं तरी आम्ही समोरच्याकडे विजयी नजरेने बघतो. त्याच्याही बाहेर यायचं म्हणजे दारात लटकायचं. ते तर आम्ही रोज करतो, आणि त्यासाठी पासाचे पैसे भरतो.

मग एक गंभीर स्लाइड आली. 2022 साली देशात 1,70,924 माणसांनी आत्महत्या केल्या, त्यातले 1,22,724 पुरुष. दहातले सात. त्या क्षणी हॉलमधली कुजबुज थांबली. मी तो तक्ता मागे एकदा पाहिलेला होता, त्यामुळे मला माहीत होतं की त्या मेलेल्या माणसांत सगळ्यात मोठा गट रोजंदारीवरच्यांचा आहे, चौथा हिस्सा. त्यांनी कुठल्या झोनच्या बाहेर यायचं होतं? पण ट्रेनर पुढच्या स्लाइडवर गेला होता. तिथे सूर्योदय होता आणि खाली कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, 14416. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतसुद्धा. दोन तासांत उपयोगी पडेल अशी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती वाचायला माझा चष्मा पुरला नाही. मोबाइलवर फोटो काढून मोठा करावा लागला.

शेवटी गृहपाठ मिळाला. अनोळखी पुरुषाशी मनातलं बोलायचं आणि त्याच्याबरोबरचा सेल्फी ग्रुपवर टाकायचा.

ऑफिस सुटल्यावर मी दादरला उतरून शिवाजी पार्कला गेलो. म्हटलं, कट्ट्यावर बोलायला बसलेली माणसं असतात, काम सोपं होईल. एका गृहस्थांच्या शेजारी जागा होती. कानटोपी, हाफ पँट, पांढरे मोजे, मांडीवर मेथीची जुडी असलेली पिशवी.

“नमस्कार काका. जरा बोलू का?”

“विमा झालाय आमचा.”

“नाही, विम्याचं नाही...”

“पाण्याचं मशीन पण आहे. दोन आहेत. एक बंद.”

“काका, मी काही विकत नाहीये.”

त्यांनी मेथीची पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. “पाकीट मारलं गेलं आणि कल्याणपर्यंत जायचंय, असंच ना? परवा एक आला होता. तोही चांगल्या कपड्यांतलाच होता.”

“मला डोंबिवलीला जायचंय. पास आहे माझ्याकडे.” मी पास काढून दाखवला. भर पार्कात, एका हाफ पँटवाल्या माणसाला मी टीसीसमोर उभा असल्यासारखा पास दाखवत होतो. त्यांनी तारीख तपासली.

“मग हवंय काय?”

आता आड आणि विहीर दोन्ही समोर होती. मी घसा खाकरला. “मला हल्ली जरा उदास वाटतं. रात्री तीनला जाग येते. कशात मन लागत नाही.”

हे खरं होतं. सेल्फीसाठी काहीतरी जुळवून बोलावं असं ठरवून आलो होतो आणि तोंडातून नेमकं हे बाहेर पडलं. काकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. कानटोपी एका कानावरून वर सरकवली, पुढे झुकले आणि अत्यंत आपुलकीने विचारलं:

“पोट साफ होतं का?”

“अं?”

“सकाळी. एका बैठकीत होतं की उठबस करावी लागते?”

म्हटलं, 19 नोव्हेंबरने मला इथेही गाठलं. मी पोटाचा काही संबंध नाही असं सांगून पाहिलं. पण आपल्याकडे पुरुषाचं कुठलंही दुखणं पोटाच्या खाली किंवा वर जात नाही. बायको माहेरी गेली, पित्त. बढती हुकली, गॅस. बाप गेला, तर तेराव्याला कोणीतरी हातात ओव्याची पुडी ठेवतोच. काकांनी इसबगोल दुधातून की कोमट पाण्यातून, यावर स्वतःच्या तीस वर्षांच्या अनुभवासकट सविस्तर विवेचन केलं. त्यात त्यांच्या बँकेतल्या बदल्या आल्या, रत्नागिरीचं पाणी आलं, आणि शेवटी कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी हाळी दिली, “अहो, इकडे या! ह्याला उदास वाटतंय!”

आले. सगळे आले. एकाने बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगितलं, दुसऱ्याने डी-थ्री. तिसऱ्याने “लग्न झालंय ना? मग बरोबर आहे,” असं म्हणून टाळी मागितली आणि ती त्याला मिळाली. एक सद्गृहस्थ हास्य क्लबचे निघाले. डॉ. मदन कटारियांनी 1995 च्या मार्चमध्ये अंधेरीच्या बागेत पाच माणसं घेऊन क्लब सुरू केला, पंधरवड्यात विनोद संपले, म्हणून मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं, ही हकिकत त्यांनी मला ऐकवली आणि हात वर करून हा-हा-हा करायला लावलं. समोरून फेऱ्या मारणाऱ्या दोन मुली थांबल्या. एकीने मोबाइल काढला. मी हसलो. त्यांच्याकडे माझा व्हिडिओ आहे. माझ्याकडे सेल्फी नाही.

कारण सेल्फीचं नाव काढताच काका ताडकन उठले. “आता कळलं! डिजिटल अरेस्ट!” मुलाने त्यांना बजावलं होतं, कोणाला ओटीपी द्यायचा नाही आणि कोणाला तोंड दाखवायचं नाही. हास्य क्लबवालेही हसायचे थांबले. मी ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं, ट्रेनरची कथा सांगितली, उंदीर सांगितले. उंदरांमुळे प्रकरण अधिकच चिघळलं.

मंडळी पांगली. काका मात्र पुन्हा बसले, पिशवी मध्ये ठेवून. म्हणाले, “मी इथे साडेआठपर्यंत असतो. लवकर घरी गेलं की सून विचारते, आज लवकर? तिच्या मनात काही नसतं हो. पण विचारते.” मग जरा वेळाने, “तीनला उठतोस म्हणतोस. मी अडीचला उठतो. नळाला पाणी चारला येतं. मधे दीड तास काय करायचं माणसाने?”

यावर काय बोलायचं ते ट्रेनरने शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, “इसबगोल कोमट पाण्यातून घेऊन बघतो.” ते म्हणाले, “दुधातून. सांगितलं ना मघाशी.”

दुसऱ्या दिवशी मी एचआरला हे सगळं लिहून पाठवलं, चांगलं पानभर. उत्तर आलं, “सर, फोटोशिवाय एंट्री ग्राह्य धरता येणार नाही.” माझ्या टीममधल्या एकाने ऑफिसखालच्या नारळवाल्याबरोबर सेल्फी टाकलाय. नारळवाला नारळ सोलतोय, ह्याने दोन बोटं वर केलीत. त्याचा रकाना हिरवा. हा माणूस त्या नारळवाल्याशी ‘मलाईवाला दे’ यापलीकडे एक अक्षर बोलला असेल तर मी मिशी उतरवीन.

आणि खरं सांगू का, राग उत्तर पाठवणाऱ्या त्या एचआरच्या मुलीचा नाही, सेल्फीचाही नाही. सप्टेंबरात मी साहेबांकडे चार दिवसांची सुट्टी मागितली होती. झोप लागत नाही, हेही सांगितलं होतं, तोंडावर, बंद केबिनमध्ये. ते म्हणाले, क्वार्टर एंड आहे, नंतर बघू. मनातलं बोलण्याचं ते काम मी कोणी न सांगता केलं होतं. त्याची शीट कोणी बनवली नाही. आणि आता त्याच साहेबांच्या सहीने मेल येतो, ‘तुमचं मन आमच्यासाठी महत्त्वाचं’. रात्री अकरा वाजता येतो. त्याच्याखाली दुसरा मेल, सकाळी नऊपर्यंत आकडे पाठवा.

सोमवारी ग्रुपवर दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ आला: ‘आपल्या वरिष्ठांना मनातली एक खरी गोष्ट सांगा.’ आठवड्याभरात पहिल्यांदाच मला उत्साह वाटला. मी कागद-पेन घेऊन मुद्दे काढायला बसलो. तिसरा मुद्दा लिहून होतो न होतो तोच तो मेसेज डिलीट झाला. त्याच्या जागी नवीन आलाय: ‘रोज सकाळी थंड पाण्याने आंघोळ’.

ती मी करतोच. गिझर दिवाळीपासून बंद आहे. फोटो मात्र मिळणार नाही.