भंगारवाले आले आहेत

भाऊबीजेला माझ्या सख्ख्या बहिणीनं मला गेटवरून परत पाठवलं. ताईचं म्हणणं, तिनं मला नाही पाठवलं. तिच्या मोबाइलवर विचारणा आली, 'भंगारवाले आले आहेत, आत सोडायचं का?' आणि तिनं 'नको' दाबलं. भंगार तिनं दिवाळीच्या आधीच देऊन टाकलं होतं.

तर तो भंगारवाला म्हणजे मी. आणि गाडी एकवीस दिवसांची. टायरवरचे रबरी केससुद्धा अजून झडले नव्हते.

गाडी म्हणजे पिकअप. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, दहा फुटी हौदा, कागदावर १७०० किलो. (कागदाबाहेर लोक किती भरतात ते विचारू नका.) २२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि आमच्या घरात दहा वर्षं चाललेली 'घेऊ की नको' ही चर्चा दहा मिनिटांत संपली. दसऱ्याला गाडी दारात. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, अण्णांनी बोनेटवर स्वस्तिक काढलं, रेडियमवाल्यानं काचेवर 'आईची कृपा' चिकटवलं. कृपेतला ऋकार जरा तिरका गेलाय, पण तो विषय घरात काढायचा नाही असं ठरलंय.

खरं तर ही गाडी २०२३ लाच यायला हवी होती. त्या जुलैत नारायणगावला टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. गावात पेढे फिरत होते. आमच्या रानात त्या वर्षी झेंडू होता. पुढच्या वर्षी आम्ही टोमॅटो लावला. त्याचं काय झालं हे सांगायला लेख वेगळा लागेल, आणि तो विनोदी होणार नाही.

असो. नारायणगाव ते कोथरूड रिकामी पिकअप चालवणं म्हणजे काय, हे ज्यानं चालवली त्यालाच कळतं. मागच्या स्प्रिंगचे पाटे दीड टन उचलायला बनवलेले. वर काहीच नसलं की ते रागावतात. प्रत्येक गतिरोधकाला मागचा भाग स्वतंत्र निर्णय घेतो. म्हणून मी हौद्यात ताईसाठी कांद्याची एक गोण आणि इंद्रायणीचं एक पोतं टाकलं होतं. त्याचा परिणाम एवढाच झाला की चाकणपर्यंत गोणही उडत होती. चाकणला कोणीच उडत नाही. तिथं सगळे उभे असतात.

सोसायटीच्या गेटवरचा दादा लातूरकडचा. त्यानं गाडीकडं पाहिलं, पिवळ्या नंबरपाटीकडं पाहिलं, कांद्याच्या गोणीकडं पाहिलं आणि मला म्हणाला, "टेंपो म्हागच्या गल्लीत लावा."

"टेम्पो नाही, पिकअप आहे."

"तेच ते."

त्याचंही खरंच आहे म्हणा. टेम्पो हे मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. तिच्या तीनचाकी आपल्याकडं बनवायला १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. २००५ मध्ये तिनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. कंपनीनं टेम्पो सोडला, महाराष्ट्रानं नाही सोडला. ट्रकपेक्षा लहान आणि रिक्षापेक्षा मोठं जे काही माल वाहतं, ते टेम्पो. उद्या रॉकेटमधून कोबी नेला तरी गेटवर टेम्पोच लिहिणार.

मी ताईला फोन लावला. बिझी. नंतर कळलं, ती सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलत होती, सणासुदीला भंगारवाल्यांना गेटपर्यंत येऊच कसं देतात म्हणून. तेवढ्यात माझ्या मागं हॉर्न वाजला. वळून पाहिलं तर तीही पिकअपच, पण तीस-पस्तीस लाखांची, काळी, हौद्यावर झाकण असलेली. त्या झाकणाखाली आजवर सायकलीपेक्षा जड काही गेलं नसणार. दादानं तिला सलाम ठोकला आणि मला हातानं बाजूला व्हायची खूण केली. पाटी पांढरी होती ना तिची.

मागच्या गल्लीत गाडी लावून मी हौद्याचा फाळका पुसत उभा होतो (धूळ नव्हती, राग होता), तर समोरच्या जुन्या तीन मजली इमारतीतून एक काका उतरले. खांद्यावर पंचा, हातात पिशवी, पिशवीत काही नाही.

"अहो टेम्पो, धायरीचं काय घ्याल?"

"काका, मी भाड्याचा नाही."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. एक लोखंडी कपाट आहे. मुलीकडं पोचवायचंय. सातशे देईन."

"अहो, गाडी घरची आहे. मी शेतकरी आहे. बहिणीकडं भाऊबीजेला आलोय."

काकांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "पिवळी पाटी आहे की. पिवळी पाटी म्हणजे भाडं. घरच्या गाडीला पांढरी असते. मी एलआयसीत होतो, मला शिकवू नका." एलआयसीचा पाटीशी काय संबंध हे विचारायच्या आत पुढचा प्रश्न आला. "मालाची गाडी चालवायचा बॅज आहे का तुमच्याकडं?"

इथं मात्र मी तयार होतो. म्हटलं, "साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिलाय."

काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, "म्हणजे बॅज नाही. मग साडेसहाशे."

आणि इथं माझं काहीतरी बिघडलं. कारण मी म्हणालो, "साडेसहाशेत हल्ली कोण येतं? बाराशे पडतील."

का म्हणालो? आजवर विचार करतोय. एक कारण असं की आयुष्यात पहिल्यांदाच भाव मी सांगत होतो. आमच्याकडं खत घालायचं आम्ही, फवारायचं आम्ही, पहाटे तोडून क्रेट भरायचे आम्ही. भाव सांगणार समोरचा. तोही क्रेटच्या तळात हात घालून, नेमके दोन मऊ टोमॅटो वर काढून, जणू मीच ते रात्रभर दाबत बसलो होतो अशा नजरेनं बघत. हमाली, तोलाई, भाडं कापून जो कागद हातात येतो, त्यावर कधीकधी आपणच देणं लागतो. तेव्हा बाराशे म्हणताना मला जे वाटलं, ते गाडीच्या चाव्या घेतानाही वाटलं नव्हतं.

काकांनी ते सातशेवर आणलं. "चहा वेगळा," म्हणाले. चहा शेवटपर्यंत वेगळाच राहिला.

कपाट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. "मदतीला माणूस आहे" असं काका म्हणाले होते. तो माणूस म्हणजे काका. ते दोन पायऱ्या खाली उभं राहून "डावीकडं, डावीकडं, तुमच्या नाही, माझ्या डावीकडं" एवढं करत होते. दुसरं टोक धरलं ते खालच्या इस्त्रीवाल्या पोरानं. हौद्यात चढवताना कपाटाचा पाय फाळक्यावर घासला आणि एक वीतभर ओरखडा उठला. नव्या गाडीचा पहिला.

"होतं असं टेम्पोला," काका म्हणाले.

केबिनमध्ये बसल्यावर त्यांना सीटवरचं प्लास्टिक रुतलं. "काढा हो हे, मी घसरतोय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सिंहगड रोड येईपर्यंत त्यांनी बोटानं एक कोपरा सोलून काढला होता. मग इंजिनाची चौकशी. "नवी म्हणता, मग आवाज का करते?" डिझेल आहे. "ऐंशीच्या वर जात नाही म्हणता?" वेग रोखणारा गव्हर्नर आहे. "म्हणजे आधीच बिघडलेली दिली तुम्हाला." धायरीत पैसे देताना त्यांनी साडेसहाशे दिले. पन्नास का कापले? तर रस्त्यात आदळली म्हणून. रिकामी आदळते, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण रिकामी नव्हती ना. एक कपाट होतं, एक काका होते, कांदे होते, तांदूळ होता.

ताईकडं पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ती दारातच म्हणाली, "भंगारवाला, ये." ओवाळताना भाचा व्हिडिओ काढत होता आणि दाजी हसू दाबायचा प्रयत्न करत होते. मी ताटात पाचशेची एक, शंभरची एक आणि पन्नासची एक नोट ठेवली. ताई म्हणाली, हा काय आकडा? मी सांगितलं नाही.

काल सकाळी नवा नंबर. उचलला.

"अहो टेम्पो, रविवारी मोकळे आहात का? एक दिवाण आहे."

मी म्हणणार होतो की माझी तोडणी आहे, मी शेतकरी आहे, गाडी घरची आहे. बाहेर अण्णा फाळक्यावरच्या ओरखड्याला खोबरेल चोळत होते.

मी विचारलं, "लिफ्ट आहे का?"