रक्तातलं शिसं बोललं म्हणून...

शरीरातली रसायनं मोजून नुसती घबराट पसरते, हवा-पाणी तपासलं की पुरे, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेतलंच उदाहरण घ्या. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १९७६ ते १९८० या काळात हजारो लोकांचं रक्त तपासलं गेलं. सरासरी शिसं दर डेसिलिटरमागे १४.६ मायक्रोग्रॅमवरून ९.२ वर आलं होतं. पेट्रोलमधलं शिसं जसजसं घटत गेलं, तसतसं रक्तातलंही उतरत गेलं, आणि तेही तज्ज्ञांच्या गणितापेक्षा जास्त! पुढे १९८५ मध्ये पेट्रोलमधल्या शिशावर कडक मर्यादा आल्या, त्यात या आकड्यांचा मोठा वाटा होता. नुसती हवा तपासून हे कळलं नसतं, कारण शिसं श्वासातून येतं तसं धुळीतून, रंगातून, नळाच्या पाण्यातूनही येतं. या सगळ्याची बेरीज रक्तातच दिसते.

अर्थात आकडा वाचता यायला हवा. बिस्फेनॉल-ए हे प्लास्टिकमधलं रसायन लघवीवाटे एका दिवसात निघून जातं, तर पीएफओएस हे डाग-पाणी न धरणाऱ्या वस्तूंसाठी वापरलं गेलेलं रसायन रक्तात वर्षानुवर्षं राहतं. शिसं तर हाडांत दशकानुदशकं साठतं आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं, बाळापर्यंत पोहोचतं (मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते). रसायन सापडलं म्हणजे आजार झाला असं नाही, हे तपासणाऱ्यांनी प्रत्येकाला नीट समजावून सांगावं. पण घाबरतील म्हणून मोजायचंच नाही, हे मला मान्य नाही. ज्याच्या अंगात ते आहे, त्याला ते कळायलाच हवं.