संत्र्याला भोक कोण पाडतं?

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक संदेश सारखा फिरतो आहे: ‘आपल्या जंगलात वटवाघळाची एकच जात. चार रात्री जाळी लावली की कळतं, सर्वेक्षण कशाला? उन्हाळ्यात जंगल वाळलं की ती संत्र्यावर उतरतात, फळगळ होते, रोगही येतो. झाडाखाली धूर करा, हाकला.’ माझी स्वतःची संत्र्याची बाग आहे, म्हणून उत्तर देतो.

आधी संत्रा. मे महिन्यात आंबियाची, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या बहराची फळं लहान, हिरवी असतात आणि मृगाची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या बहराची बाग ताणावर, पाणी तोडून ठेवलेली असते. तेव्हा वटवाघळानं बागेत येऊन खायचं काय? ज्या फळगळीचा ठपका त्याच्यावर येतो ती पावसाळा सरताना होते, फळ रंग धरू लागलं की. त्या दिवसांत अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेत फिरा. फळांवर बसलेला रसशोषक पतंग दिसेल, उजेडात त्याचे डोळे चमकतात. तो सोंडेनं सालीत सुईएवढं भोक पाडतो, तिथून बुरशी शिरते, सड धरते आणि फळ गळतं. वटवाघूळ फळ चावून खातं, रस गिळून चोथा थुंकतं. त्याची खूण टाचणीच्या टोकाएवढी नसते. पेरू, चिकू, केळी ते खातं, हे मला मान्य आहे.

जंगल वाळलं म्हणजे उपाशी, हेही खरं नाही. साग निष्पर्ण असतो तेव्हाच काटेसावर फुलते, मग मोह. मोहाच्या फुलाचं परागीकरण फळाहारी वटवाघळं करतात आणि पुढे त्याचं बीही लांब नेऊन टाकतात.

एकच जात? नदीकाठच्या झाडावर दिवसा लटकलेलं मोठं वटवाघूळ तेवढं सगळ्यांच्या नजरेत भरतं. देशात सव्वाशेहून जास्त जाती आहेत, त्यांतल्या फळं खाणाऱ्या पंधराच्या आसपास. बाकीच्या बहुतेक किडे खातात, त्यांत रात्रीचे पतंगही आले.

आता चार रात्रींची जाळी. अभ्यासकांबरोबर मदतनीस म्हणून मी रात्री काढल्या आहेत, म्हणून हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं, आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतात. बारीक धाग्याची जाळी त्यांना कळते आणि त्या वळसा घालतात. काही जाती झाडांच्या शेंड्यांवरूनच जातात. जाळीत जास्त सापडतात ती फळाहारी, आणि ‘एकच जात’ तिथूनच निघते. उलट, माणसाला न ऐकू येणारे आवाज टिपणारं यंत्र लावलं, तर पाकोळ्या नोंदल्या जातात, पण मोठं वटवाघूळ निसटतं. ते डोळ्यांनी आणि वासानं वाट काढतं, प्रतिध्वनी वापरतच नाही. त्यामुळे जाळी, यंत्र आणि गुहा, जुने किल्ले, देवळं इथली दिवसाची मोजणी, सगळं लागतं. शिवाय ऋतू. उन्हाळ्यात पाणवठे दोन-चारच उरतात, पाकोळ्या उडता उडता तिथं पाणी पितात, म्हणून त्या काठी गर्दी दिसते. पावसाळ्यात पाणी जागोजागी; त्याच काठावर जाळी रिकामी राहू शकते. एका ऋतूच्या चार रात्रींवर जंगलाचा हिशेब लावता येत नाही.

रोगाची भीती मी उडवून लावणार नाही. 2018 मध्ये केरळात निपाहनं माणसं गेली, आणि तो विषाणू फळाहारी वटवाघळांत असतो. म्हणून अर्धवट खाल्लेलं फळ खाऊ नका, पडलेलं वटवाघूळ हाताळू नका, पोरांना सांगा. धुरानं मात्र वटवाघळांची वस्ती संपत नाही, ती घाबरून विखुरते आणि दुसऱ्या गावाच्या झाडावर जाते. फळाहारी वटवाघळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली. आणि संदेशात धूर करायला सांगितलेला उन्हाळा हा मोठ्या वटवाघळाच्या मादीच्या पोटाशी पिलू बिलगलेलं असण्याचा काळ आहे. तिला वर्षाला बहुधा एकच पिलू होतं.